ग्रीन बेचा पेठेतला संघ : लॅम्बो फील्डवर पाहिलेला अमेरिकन फुटबॉल

पेठवाला

लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या आईबापांची यादी ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्क, बालाजीचं देऊळ आणि उरलेले दिवस मॉल. माझ्या यादीत सगळ्यात वर ग्रीन बे होतं. जावईबापूंना आधी वाटलं सासरे चेष्टा करतायत. विस्कॉन्सिनमधलं, मिशिगन सरोवराच्या एका खाडीवर वसलेलं लाखभर वस्तीचं हे गाव. कागदाच्या गिरण्या आणि एक फुटबॉलचं मैदान. मला ते मैदानच, लॅम्बो फील्ड, बघायचं होतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे फुटबॉलचा संघ पेठेचा असतो, तालमीचा असतो. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल. माणूस कुणाच्या बाजूने ओरडतो यावरून त्याची गल्ली कळते. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, जगातली सगळ्यात श्रीमंत. बत्तीस संघ आणि एकेका संघामागे अब्जाधीश. त्यात एकच संघ असा की ज्याला मालकच नाही. ग्रीन बे पॅकर्स. १९१९ साली स्थापना झाली तेव्हा गणवेशाचे पैसे डबाबंद मांस विकणाऱ्या एका कंपनीने दिले, म्हणून पॅकर्स. १९२३ साली पैशांची चणचण भासली तेव्हा गावात शेअर विकले आणि तेव्हापासून संघ गावाचाच. आज पाच लाखांवर भागधारक आहेत. हे वाचल्यापासून डोक्यात होतं की आपण तिथे जायचंच.

तिकिटाचं आधी सांगतो. १९६० पासून इथला प्रत्येक हंगाम हाउसफुल आहे. सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं. पोर जन्मलं की यादीत नाव घालतात, आणि तिकिटं घराण्यात वारशाने चालतात. पाहुण्याने फेरविक्रीच्या अ‍ॅपवरून घ्यायचं. आम्ही घेतलं २०२४ च्या थँक्सगिव्हिंगच्या रात्रीचं, मायामी डॉल्फिन्सविरुद्धचं. किती पडलं ते इथे लिहीत नाही, सौ. हा धागा वाचते.

मिलवॉकीहून गाडीने दोन तास. एवढं मोठं स्टेडियम गावाबाहेर माळावर असेल असं वाटलं होतं. तसं काहीच नाही. साध्या बैठ्या घरांची कॉलनी लागते, अंगणात सायकली, दारात कुत्री, आणि त्या घरांच्या पाठीमागे एकदम ८१ हजार माणसांचं स्टेडियम. सामन्याच्या दिवशी घरवाले आपल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात, रोख पैसे घेऊन. आमच्या वाटचं अंगण होतं सत्तरीच्या एका बाईंचं. अंगात शिकारी घालतात तसला भडक नारिंगी कोट, हातात टॉर्च. त्यांनी जावईबापूंना गाडी पुन्हापुन्हा मागेपुढे घ्यायला लावली, कारण चाक गुलाबाच्या आळ्यावर जात होतं. नोव्हेंबर अखेर त्या आळ्यात काडी दिसत नव्हती. पण बाईंना माहीत होतं ना, आळं कुठे आहे ते.

सामन्याच्या चार तास आधी पार्किंग उघडतं आणि लोक डिकी उघडून शेगड्या पेटवतात. ह्याला टेलगेटिंग म्हणतात. बिअर आणि कांद्यात उकडून मग निखाऱ्यावर भाजलेलं ब्राटवुर्स्ट सॉसेज ही इथली खासियत. विस्कॉन्सिनात जर्मन मुळाची वस्ती मोठी, त्यांची देणगी. सण असल्यामुळे काही जणांनी अख्खी टर्की तेलात सोडली होती. अनोळखी माणसं हाका मारून ताटली पुढे करतात. सौ.च्या गळ्यात माळ. हे कळल्यावर एका टोळक्याने जाळीचा एक कोपरा घासून साफ केला आणि तिच्यासाठी बटाटे भाजले. तेवढ्यात डोक्यावर चीजच्या तुकड्याची पिवळीधमक फोमची टोपी घातलेले आजोबा येऊन आम्हाला विचारतात, ‘मायामीचे का?’ आमच्या रंगावरून नव्हे हो, कानटोप्या-मफलर पाहून. इतकं गुंडाळून घेतलेलं माणूस इथलं असूच शकत नाही!

आत खुर्च्या नाहीत. म्हणजे बहुतेक जागा अ‍ॅल्युमिनियमच्या लांब बाकांवर, पाठ टेकायला काही नाही, नंबर फक्त रंगवलेले. उन्हाळ्यात मापात बसणारी माणसं हिवाळ्यात जाडजूड कपड्यांमुळे दीडपट होतात, मग सगळं दाटीवाटीने. सौ.चे पाय गारठत होते. मागच्या माणसाने न विचारताच पिशवीतून बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, टर्रकन फाडून दोन तुकडे केले आणि तिच्या बुटाखाली सरकवले. पायाला काँक्रीट लागू द्यायचं नाही, ही इथली पिढीजात अक्कल. तपमान उणे दोन-तीन. त्यांच्या हिशेबी सुखद हवा.

आता खेळ. ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट ही. आपल्या संघाकडे चेंडू असताना हे लोक गप्प बसतात! प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की ८० हजार माणसं गळा फाडून ओरडतात. मला आधी काही उमजेना. कारण पक्कं व्यवहारी आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, प्रत्येक डावाआधी साथीदारांना ओरडून इशारे देतो. आपल्याला त्याचे इशारे त्याच्या माणसांना ऐकू जायला हवेत, आणि समोरच्याचे जायला नकोत. त्यामुळे प्रेक्षक सामन्यात खरोखर खेळतात. उत्तरार्धात मायामीवाले गोलरेषेपासून हातभर अंतरावर आले होते, चौथा आणि शेवटचा प्रयत्न होता. त्या वेळचा आवाज कानाने नाही, बाकातून पाठीच्या कण्याला ऐकू आला. पॅकर्सच्या क्वे वॉकरने त्यांच्या क्वार्टरबॅकला खाली पाडलं आणि माझ्या शेजारच्या सभ्य गृहस्थांनी मला मिठी मारली. पुढे सामना ३०-१७ असा जिंकलाच, पण मिठी तिथेच.

टीव्हीवर पिवळी रेषा दिसते ना, चेंडू पुढे न्यायचे दहा यार्ड कुठे पूर्ण होतात ती? मैदानात ती नसते. ती संगणकाने काढलेली. तिथे दोन माणसं नारिंगी खांबांना बांधलेली साखळी घेऊन धावतात, आणि आम्ही गेलो त्या २०२४ च्या हंगामात, अडलंच तर ती साखळी आत आणून, ताणून मापत. अब्जावधी डॉलरचा धंदा आणि निर्णय साखळीवर. मला फार आवडलं.

आणि जाहिराती. दर थोड्या वेळाने बावीसच्या बावीस गडी कंबरेवर हात ठेवून उभे राहतात, कारण टीव्हीवर ट्रक विकायचे चालू असतं. घरी कळत नाही, मैदानात जाणवतं. सौ.ने तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या तिसऱ्यात, विचारलं, ‘हे खेळतात कधी?’ प्रश्न रास्त आहे. एका अमेरिकी दैनिकाने २०१० साली घड्याळ लावून मोजलं होतं, तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं.

कुणी तिथे जाऊन आलंय का? किंवा दुसऱ्या मैदानांवर? लिहा.

निघू_का

मस्त लिहिलंय काका. मी अजून प्रश्नांच्या पातळीवर. ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन मुलाकडे शिकागोला जातेय. बाबांचे गुडघे, आईची शुगर, आणि दोघंही शाकाहारी. ह्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. कुणीतरी नियम चार ओळींत सांगाल का? चार म्हणजे चारच, विकिपीडिया नको.

बर्फगोळा

@निघू_का, घ्या. शंभर यार्डांचं मैदान. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, ६ गुण. वर लाथ मारून १, किंवा पुन्हा आत घुसून २. पल्ला गाठता येईना असं वाटलं तर खांबांमधून लाथ मारायची, ३ गुण. झालं. बाकी सगळं शेजारी बसलेला माणूस न विचारता सांगतो.

बाकी पेठवाले, मी मिनियापोलिसला असतो आणि पॅकर्सच्या वैऱ्यांचा, इथल्या व्हायकिंग्ज संघाचा आहे. म्हणजे तुमच्या धाग्यावर खरं तर येऊच नये. पण लॅम्बोच्या थंडीचं बोलताय आणि १९६७ सांगत नाही म्हणजे काय? ३१ डिसेंबर १९६७, डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना, तपमान उणे २५ सेल्सियस. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींनी मैदानाखाली विजेच्या तारा टाकून जमीन गरम ठेवायची यंत्रणा बसवली होती, ती नेमकी त्याच दिवशी निकामी झाली आणि मैदान गोठून दगड झालं. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, मग ते नुसतं ओरडून खेळ थांबवत होते. मध्यंतराला वाजवायला आलेल्या विद्यापीठाच्या बँडची वाद्यं वाजेनात. शेवटच्या काही सेकंदांत क्वार्टरबॅक बार्ट स्टारने स्वतःच चेंडू घेऊन मुसंडी मारली, २१-१७. ‘आइस बोल’ म्हणतात त्याला. सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, करंडकाला आज ज्यांचं नाव आहे ते हेच लोम्बार्डी. ग्रीन बेमधला प्रत्येक म्हातारा त्या दिवशी मैदानात हजर होता असं सांगतो. तेव्हा स्टेडियमची क्षमता साधारण ५० हजार होती, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

हिशेबनीस

वर्णन उत्तम, पण ‘संघ गावाचा’ ह्या गोड कथेला थोडी टाचणी लावतो. व्यवसायाने सीए आहे, समजून घ्या.

पॅकर्सचा शेअर शेवटचा विकला २०२१ च्या सुमारास, ३०० डॉलरला. त्यावर लाभांश नाही. भाव चढत नाही. विकता येत नाही, फार तर घरच्या घरी देता येतो. तिकिटात प्राधान्य नाही. वर्षातून एकदा सभेला जाऊन संचालक निवडायचे, झालं. म्हणजे हा शेअर नसून फ्रेम करून भिंतीवर लावायचा कागद आहे. आणि मैदानाच्या मोठ्या नूतनीकरणासाठी २००० साली ब्राउन काउंटीच्या, म्हणजे ग्रीन बे ज्या जिल्ह्यात येतं तिथल्या, लोकांनी मतदान करून अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लादून घेतला, तो २०१५ पर्यंत भरला. पावाच्या पाकिटापासून... बरं, पाव नाही, पण पडद्यापासून पंख्यापर्यंत. हे मालकीपण म्हणायचं की वर्गणी?

पेठवाला

@हिशेबनीस, वर्गणीच म्हणा. आमच्या तालमीपण वर्गणीवरच चालल्या. पण मालकीची दुसरी बाजू बघा. मालक असलेला संघ उठून जातो. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ रातोरात सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेला. गाव सकाळी उठलं तर संघ नाही. क्लीव्हलंडचा १९९६ मध्ये गेला, सेंट लुईसचा २०१६ ला, सॅन दिएगोचा २०१७ ला, ओकलंडचा २०२० ला लास व्हेगासला. प्रत्येक वेळी कारण एकच, दुसऱ्या शहरात जास्त चांगलं मैदान मिळत होतं. ह्यातल्या एकेका शहरापुढे ग्रीन बे म्हणजे किस झाड की पत्ती. तरी हलला नाही तो ग्रीन बेचाच. कारण विकायचा कुणी? विकलाच तर येणारा पैसा धर्मादाय संस्थेला जाईल असं घटनेतच लिहून ठेवलंय. मग विकण्यात रस कुणाला असणार? तुमच्या भिंतीवरच्या कागदाचा अर्थ एवढाच, की हा इथून हलणार नाही. ३०० डॉलरला एवढं मिळत असेल तर स्वस्त आहे.

हिशेबनीस

हा मुद्दा मान्य. पण मग एक भर घाला, नाहीतर लोकांना वाटेल नुसत्या प्रेमावर चाललंय. लाखभर वस्तीच्या गावाला एनएफएलमध्ये टिकवतो तो टीव्हीचा पैसा. १९६१ पासून लीग सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकते आणि वाटा सगळ्यांना सारखा. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढा तेवढाच ग्रीन बेला. पॅकर्सना सार्वजनिक भागधारक असल्यामुळे ताळेबंद जाहीर करावा लागतो, आणि बाकीचे मालक दाखवत नाहीत ते त्यामुळे कळतं. २०२४ च्या जमाखर्चात हा राष्ट्रीय वाटा ४० कोटी डॉलरच्या वर होता. मजा म्हणजे असा संघ आज नव्याने काढायला लीगची परवानगीच नाही. नियम आहे की एका प्रमुख मालकाकडे मोठा हिस्सा हवाच. ग्रीन बे आधीपासूनचं म्हणून सूट. भांडवलशाहीचं माहेरघर, आणि तिथली सगळ्यात लाडकी टीम सहकारी. आमच्या वारणा-प्रवरेवाल्यांनी बघावं.

तालमीतला

पेठवाले, नाद खुळा! मी बी कोल्हापूरचाच, पण तुमच्या विरोधी पेठेतला, त्यामुळं जास्त कौतुक करनार न्हाई. एकच सांगतो. आपल्याकडं बी आता बाहेरनं खेळाडू आणत्यात, त्येंचा मुक्काम-जेवण मंडळ बघतंय. पेठेतलं पोरगं बाकावर बसतंय आन बाहेरचं खेळतंय. ग्रीन बेत तरी गावातलं पोरगं कुठं खेळतंय? समदे बाहेरचेच की. मग गावाचा संघ म्हंजे काय, कपडे गावाचे एवढंच?

पेठवाला

@तालमीतला, भावा, प्रश्न नेमका विचारलास. खेळाडू बाहेरचेच, खरंय. पण एक पद्धत सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये सराव शिबिर असतं. स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत खेळाडू चालत जात नाहीत, गावातल्या पोरांच्या सायकलींवरून जातात. दोन मीटर उंचीचा, सव्वाशे किलोचा गडी आठ वर्षांच्या पोरीच्या गुलाबी सायकलवर, गुडघे हनुवटीला लागतायत, आणि पोरगी त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारनं पळतेय. लोम्बार्डींच्या काळापासून चालू आहे. आणि टचडाऊन केलेला खेळाडू सरळ प्रेक्षकांच्या कठड्यावर उडी मारतो, लोक त्याला वर ओढून घेतात. हे १९९३ साली लिरॉय बटलरने सुरू केलं. म्हणून पोरगं बाहेरचं असलं तरी गावाने अंगाखांद्यावर घेतलेलं असतं. आपल्याकडच्या बाहेरच्या पोराला पेठेत कोण ओळखतं रे?

तालमीतला

ओळखत्यात की. गोल मारला तर.

डॉ_निरगुडी

रसभंग करते, क्षमस्व. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि हा खेळ मला बघवत नाही. २०१७ साली बॉस्टनच्या संशोधकांनी एनएफएल खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई सापडला. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूत साचत जाणारा विकार. स्मृती जाते, स्वभाव पालटतो. अर्थात ज्यांना लक्षणं होती त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दान केले असणार, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरीही. तुम्ही सगळे शेगड्या, पुठ्ठे, सायकली ह्यात रमलात. त्या साडेतीन तासांत समोर काय चाललं होतं?

पेठवाला

@डॉ_निरगुडी, क्षमस्व कशाला. टीव्हीवर समालोचन असतं म्हणून ऐकू येत नाही, पण मैदानात आपला संघ खेळत असताना सगळे गप्प असतात, तेव्हा हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत येतो. कोरडा, कडक. सौ. दर वेळी डोळे मिटत होती. मी मिटले नाहीत. मला आवडत होतं, हेही खरं. आमच्या घराण्यात कुस्ती होती, मोडलेले कान आणि न वळणाऱ्या माना बघितल्यात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

बर्फगोळा

थोडी भर. २०२३ च्या जानेवारीत सिनसिनाटीला डमार हॅमलिन हा खेळाडू टक्कर झाल्यावर उठला आणि कोसळला, हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच सीपीआर दिला, सामना थांबवला तो पुन्हा खेळवलाच नाही. तो वाचला, पुढच्या हंगामात परत खेळला. २०२४ पासून सामन्यातही हेल्मेटवर गादीसारखं जादा आवरण घालायची मुभा दिलीय, आणि सुरुवातीच्या किकला पूर्ण वेगात होणाऱ्या टकरी कमी व्हाव्यात म्हणून तो नियम बदलला. ते आवरण घालणारे खेळाडू फार नाहीत. बोजड दिसतं म्हणे.

डॉ_निरगुडी

दिसतं म्हणे! धन्य.

लंडनची_मावशी

ज्यांना अमेरिका लांब पडते त्यांच्यासाठी: इथे लंडनला २००७ पासून, कोविडचं २०२० सोडलं तर, दरवर्षी सामने होतात. पॅकर्स इथे सगळ्यात शेवटी आले, बत्तीसावे. कारण घरचा एकही सामना सोडायला तयार नव्हते, गावातल्या हॉटेलवाल्यांची वर्षाची कमाई त्यावर. आले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून २७-२२ असे हरून गेले. मी होते. त्या मैदानाची गंमत अशी की फुटबॉलची, आपल्या नेहमीच्या, हिरवळ तीन तुकड्यांत विभागून स्टँडखाली सरकवतात आणि खालून अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम गवताचं मैदान निघतं.

पण पेठवाले म्हणतात ती शांतता इथे नाही हं. लंडनच्या सामन्याला सगळ्याच्या सगळ्या संघांचे शर्ट दिसतात. कुणी सिअ‍ॅटलचा, कुणी डॅलसचा, ज्याचा सामनाच नाही तोही. सगळे सगळ्याला ओरडतात. संमेलन म्हणा फार तर. घरच्या मैदानाची चव नाही, पण भुयारी रेल्वेने घरी येता येतं आणि पायाखाली पुठ्ठा लागत नाही.

कणसातला_किडा

आयोवाला शिकतो. माझं मत विचाराल तर पाहुण्याने व्यावसायिक सामन्यापेक्षा कॉलेजचा बघावा. शनिवारी असतात, गावच्या गाव रस्त्यावर येतं, आणि विद्यार्थ्यांचा बँड हा अर्धा सामना. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरला तर १ लाख ७ हजार क्षमतेचं स्टेडियम आहे, विद्यापीठाचं!

आमच्या आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्यांवरून मैदान दिसतं. २०१७ पासून प्रथा पडलीय. पहिला क्वार्टर संपला की जवळपास ७० हजार माणसं, दोन्ही संघ, पंच, सगळे मागे वळून हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे हात हलवतात. खिडक्यांत आजारी पोरं आईबापांसोबत उभी असतात, ती परत हात हलवतात. मिनिटभर चालतं, मग खेळ सुरू. संध्याकाळचा सामना असेल तर लोक मोबाईलचे दिवे लावतात. कितव्यांदाही बघितलं तरी घशाशी येतं. विरोधी संघाचे लोकही ह्यासाठी मुद्दाम लवकर जागेवर येऊन बसतात.

बाणेरकर

अवांतर: हा खेळ आपल्याकडे रुजवायचा प्रयत्न झाला होता, लक्षात आहे का कुणाच्या? २०१२ साली एक भारतीय लीग निघाली होती, तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. सामने मात्र कोलंबोला खेळवले. पुढे सगळं बारगळलं. आता पुन्हा निमित्त आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली होती, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. त्यात पाडापाडी नाही, कंबरेची फीत ओढली की तो डाव तिथेच थांबतो. डॉक्टरांना चालेल असा.

डॉ_निरगुडी

हो, हा चालेल. शाळेत लंगडी-खोखोच्या शेजारी सहज बसेल.

निघू_का

तुम्ही लोक ऑलिंपिकला पोचलात, माझे बाबा अजून गुडघ्यावरच आहेत. ऑगस्टमध्ये काय बघता येईल तेवढं सांगा ना कुणीतरी. आणि आईच्या इन्सुलिनचं काय?

पेठवाला

@निघू_का, ताई, खरा हंगाम सप्टेंबरला सुरू होतो. ऑगस्टमध्ये सराव सामने असतात, तिकीट त्यामानाने पुष्कळ स्वस्त, हवा छान. त्याहून चांगलं म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला लॅम्बोवर ‘फॅमिली नाइट’ असते. संघ आपापसांत सराव करतो, शेवटी आतषबाजी, तिकीट अगदी किरकोळ. ज्येष्ठांना हेच बरं. शिकागोहून साधारण साडेतीन तास लागतात. सामन्याच्या दिवसांत गावातली हॉटेलं वाट्टेल ते भाव सांगतात, आम्हाला एका ठिकाणी नेहमीच्या चौपट सांगितला. अर्ध्या तासावर अ‍ॅपलटन आहे, तिथे बघा.

पिशवी पारदर्शक प्लास्टिकची लागते. पर्स न्यायची तर तळहाताएवढी. ह्यात ते कुणाचं ऐकत नाहीत, दारातून परत गाडीपर्यंत पाठवतात. औषधं वेगळी तपासून आत सोडतात. इन्सुलिन मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. बाबांसाठी तिकीट काढतानाच पायऱ्या नसलेली जागा शोधा, अ‍ॅपवर तसं निवडता येतं. नाहीतर त्या बाकांवर गुडघे समोरच्याच्या पाठीला लागतात. उशी नेलीत तर दुवा द्याल मला.

खायला चीज कर्ड्‌स, म्हणजे ताज्या चीजचे तळलेले गोळे, हा विस्कॉन्सिनचा वडाच. प्रेट्झेल, पॉपकॉर्न, नाचोज आहेत. सौ.चं पोट त्यावर भागलं, तक्रार एवढीच की सगळं मिठाचं.

आणि सामना नाहीच जमला तरी स्टेडियमची फेरी घ्या, वर्षभर असते. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तिथून नेतात. नूतनीकरणात जुना बोगदा पाडला तेव्हा त्यातल्या फरशीचा तुकडा जपून नव्या बोगद्यात बसवला, लोम्बार्डींचे गडी ज्यावरून चालले तोच. आमच्या गाइडने सगळ्यांना तिथे थांबवून त्यावर पाय ठेवायला लावला. बाबांना तेवढं नक्की जमेल.

निघू_का

खूप आभार काका. पिशवीचं बरं सांगितलंत, आईची पर्स म्हणजे अर्धं घर असतं. फॅमिली नाइटचं बघतेच.

बर्फगोळा

@निघू_का, आणि शिकागोत असताना चुकूनही पॅकर्सची टोपी घालून फिरू नका. शिकागोचा संघ बेअर्स आणि पॅकर्स यांचं वैर १९२१ पासूनचं आहे. मुलाचं ऑफिस तिथेच आहे ना?

@पेठवाले, पुढच्या खेपेला आमच्या मिनियापोलिसला या. २०१६ चं नवं स्टेडियम आहे, पारदर्शक छत, आत हिटर, खुर्च्यांना पाठ. वहिनींचे पाय गारठणार नाहीत.

पेठवाला

छपराखाली उबेत बसून टाळ्या वाजवायच्या तर लेकीचा सोफा काय वाईट आहे? सौ. म्हणतेय येऊ. पुठ्ठा सोबत आणते म्हणाली, तुमच्यासाठी.